बुटातला टेकू

लहान मूल पहिल्यांदा धरून उभे राहते तेव्हा त्याचा तळवा अख्खाच्या अख्खा जमिनीला टेकतो, आणि तो तसाच टेकायला हवा. मोठ्यांच्या पायात आतल्या बाजूला जी कमान दिसते, तिची जागा त्या वयात चरबीच्या मऊ थराने भरलेली असते. शिवाय हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध इतके सैल असतात की अंगाचा भार पडताच पाऊल पसरते. ही कमान वयाच्या पहिल्या दहा वर्षांत हळूहळू वर येते, काही मुलांत लवकर, काहींत उशिरा, आणि काहींत ती कधीच फारशी येत नाही. ऑस्ट्रियातल्या तीन ते सहा वर्षांच्या ८३५ मुलांची पावले तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्क्यांची पावले सपाट निघाली, तर सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले होते. मुलींपेक्षा मुलग्यांत प्रमाण जास्त होते आणि जास्त वजनाच्या मुलांत आणखी जास्त होते. खरोखर आजार म्हणावा असे सपाट पाऊल मात्र शंभरात एकाचेही नव्हते. तरीही दहा टक्क्यांच्या आसपास मुलांच्या बुटात आधाराचे सोल होते, आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक अनावश्यक होते, असा निष्कर्ष त्या डॉक्टरांनी काढला.

हे आकडे मी इतक्या तपशिलाने देते आहे, कारण सोलापुरात गेली काही वर्षे पालकसभेत अभ्यास आणि मोबाइल यांच्या पाठोपाठ मुलांच्या पावलांची चौकशी होऊ लागली आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवते. पूर्वी एखाद्या मुलाच्या पायात काही दोष आहे असे कळायचे ते तो लंगडत असेल तरच. आता जुळे सोलापूरच्या एखाद्या सोसायटीत दुसरीतल्या मुलाची आई शेजारणीला सांगते की आमच्याला फ्लॅट फूट आहे, आणि ती शेजारीण त्याच संध्याकाळी न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आलेल्या स्वतःच्या मुलाचे शहाबादी फरशीवरचे ठसे वाकून बघते. ठसा भरीव दिसला की झोप उडते. ओल्या पायाचा ठसा बघण्यात गैर काही नाही, पुष्कळ अभ्याससुद्धा ठशांवरच उभे आहेत. परंतु चार वर्षांच्या मुलाच्या भरीव ठशावरून काहीच ठरत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्याही नुसत्या ठशावरून फारसे ठरत नाही.

सुंदर पाऊल कसे असते याची आपली कल्पना बहुधा ठशांवरूनच घडलेली आहे. महालक्ष्म्या घरात आणताना दारापासून मखरापर्यंत जी पावले उमटवतात, ती आमच्याकडे अजून हातानेच काढतात: मूठ वळायची, करंगळीकडची कड ओल्या कुंकवात बुडवायची, जमिनीवर टेकवायची आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके द्यायचे. मुठीच्या कडेला मुळातच बाक असल्यामुळे ते पाऊल नेहमी मधे निमुळते, कमानदार येते. लक्ष्मीचे पाऊल सपाट काढलेले मी तरी कुठे पाहिलेले नाही. अशा पावलांवरून चालत मोठ्या झालेल्या आपल्या डोळ्यांना भरीव ठसा हा बिघाड वाटला, तर त्यात आश्चर्य नाही.

बिघाड म्हटला की दुरुस्ती आली. ही दुरुस्ती करून बघण्याचा प्रयत्न शास्त्रानेही प्रामाणिकपणे केलेला आहे. आतल्या बाजूने उंच टाच केलेले जड बूट, घोट्याच्या वर येणारे कडक बूट, टाच घट्ट धरणारी प्लॅस्टिकची वाटी असे बरेच प्रकार विसाव्या शतकात मुलांच्या पायात चढवले गेले, आणि मुलांच्या कमानी वर आल्याचे श्रेयही त्यांना मिळत गेले. कमानी वर येतच होत्या, हे लक्षात यायला वेळ लागला. अमेरिकेत टेक्सासमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक ते सहा वर्षे वयाच्या १२९ मुलांना चार गटांत विभागले: एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला खास बूट, तिसऱ्याला टाचेची वाटी आणि चौथ्याला पायाचा साचा घेऊन बनवलेले प्लॅस्टिकचे सोल. त्यांतली ९८ मुले तीन वर्षांच्या अखेरपर्यंत टिकली. एक्स-रे काढून मोजमापे केली तेव्हा चारही गटांत सारखीच सुधारणा दिसली. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे आजच्या बहुतेक पालकांच्या बालपणीच या प्रश्नाचे मुख्य उत्तर मिळालेले होते. पुढे अशा चाचण्या एकत्र करून, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात अकरा महिन्यांपासून एकोणीस वर्षांपर्यंतच्या १,०५८ मुलांवरच्या १६ चाचण्या होत्या. ज्या मुलांना काही दुखत नाही त्यांना इनसोलने, म्हणजे बुटाच्या आत घालायच्या या आधाराच्या सोलने, विशेष काही लाभ होतो असे त्यातून दिसले नाही. आणि मापाप्रमाणे बनवलेले महागडे इनसोल दुकानातल्या तयार इनसोलपेक्षा सरस ठरतात, असेही दिसले नाही. पुरावा एकंदरीत कमकुवत आहे, हेही त्या आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि ते ध्यानात ठेवलेले बरे.

एवढे वाचून इनसोल म्हणजे निव्वळ धंदा असे कुणी म्हणेल, तर मी सहमत होणार नाही, कारण माझ्या मुलाच्या बुटात ते होते आणि त्यांचा त्याला उपयोग झाला. फक्त तो उपयोग कोणता, हे नीट समजून घ्यावे लागले.

मुलगा तेव्हा सहावीत होता आणि खो-खो खेळत होता. मैदानावर खडे आणि कुसळे असल्यामुळे मुले बूट घालूनच सराव करत. सराव झाला की रात्री जेवताना तो एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन आतल्या घोट्याखाली दाबत बसे, पोटऱ्या दुखतात म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विसरून जाई. त्याचे बूट मी एकदा पालथे करून पाहिले. टाचेची आतली कड झिजून तिरकी झाली होती, आणि बूट टेबलावर ठेवले तर दोन्ही एकमेकांकडे कलत. सपाट पाऊल त्याचे लहानपणापासूनच होते. त्याच्या वडिलांचे आहे, आजीचेही होते, आणि त्या आजीने रूपाभवानीच्या देवळापर्यंत चालत जायचे उतारवयातही सोडले नव्हते. म्हणून पाऊल सपाट आहे याची काळजी आम्ही कधी केली नव्हती. दुखते आहे, ही गोष्ट मात्र निराळी होती.

हाडांच्या डॉक्टरांनी आधी त्याला बसवलेच नाही. पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावून पाठमोरा उभा केला आणि आम्हाला बोलावून दाखवले, की मागून पाहिले तर टाच सरळ खाली न येता बाहेरच्या बाजूला कलली आहे. मग म्हणाले, "आता चवड्यांवर उभा राहा की. धर भिंतीला." तो चवड्यांवर उठला, तसे डोळ्यांदेखत दोन गोष्टी झाल्या: कललेल्या टाचा आत वळल्या, आणि तळव्याखाली जिथे बोट शिरत नव्हते तिथे चांगली पोकळी तयार झाली. जी कमान नाहीच असे वाटत होते ती होती. उभे राहिल्यावर भाराखाली दबत होती, इतकेच. नंतर त्याला सरळ उभे करून डॉक्टरांनी खाली बसून त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलला, तशी कमान पुन्हा उठली. तळव्याच्या कातडीखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. अंगठा वर उचलला की तो विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढला जातो आणि टाच व चवडा एकमेकांजवळ येऊन कमान वर चढते. हिक्स नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १९५४ साली ही रचना समजावून सांगितली. अशा पावलाला लवचीक सपाट पाऊल म्हणतात, आणि मुलांची बहुसंख्य सपाट पावले याच जातीची असतात.

तिसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि पावलांच्या तपासणीच्या शिबिरांतून ती बहुधा होत नाही. मुलाला टेबलावर आडवा करून, गुडघा सरळ ठेवून, टाच हातात धरून सरळ केली आणि पाऊल नडगीकडे वर ढकलून पाहिले. ते जेमतेम काटकोनापर्यंत आले. गुडघा वाकवल्यावर मात्र बरेच वर गेले. पोटरीचे स्नायू आखडलेले असले की असे होते. चालताना नडगी पुढे झुकायला हवी, घोटा तेवढा वाकत नाही, मग ती उणीव पावलाचा मधला भाग मोडून भरून काढली जाते आणि आधीच दबलेली कमान आणखी दबते. कॅनडाच्या सैन्यातल्या जवानांच्या पावलांची जी मोठी पाहणी १९४७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हॅरिस आणि बीथ यांनी हाच भेद दाखवला होता: नुसते लवचीक सपाट पाऊल निरुपद्रवी असते, पण त्याला टाचेमागच्या आखडलेल्या शिरेची जोड मिळाली की त्रास सुरू होतो. अशा पायाखाली उंच आणि कडक कमानीचा सोल ठेवला तर दुखणे वाढू शकते, कारण खाली दबू पाहणारे पाऊल सोलच्या कडक उंचवट्यावर चेचले जाते. म्हणून डॉक्टरांनी पहिला उपाय सांगितला तो भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणण्याचा. इनसोल दुसऱ्या क्रमांकावर, आणि तोही मऊ, तयार, मध्यम उंचीचा. "याने कमान येणार नाही हं," असे त्यांनी मुलाला सांगितले, मला नव्हे. "दुखायचं कमी होईल. नाही झालं तर परत ये."

इनसोल ही वस्तू हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. बुटाच्या आत आधीच एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो खरवडून काढल्याशिवाय नवा सोल बसत नाही. वरून तसाच घातला तर पाय बुटातून वर येतो आणि टाच निसटत राहते. चांगल्या सोलला मागे टाच बसेल अशी खोलगट वाटी असते आणि खरे काम ही वाटीच करते, कारण कललेली टाच थोडी सरळ झाली की पुढचे पाऊल आपोआप थोडे सावरते. आतल्या बाजूचा उंचवटा सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण नुसता उंचवटा असलेला आणि वाटी नसलेला सोल म्हणजे तळव्याला टोचणारा गोळा. वरचे कापड, त्याखाली ईव्हीएचा हलका फोम, आणि कडक प्रकारांत त्याखाली पॉलिप्रॉपिलीनचे कवच अशी साधारण रचना असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तयार झालेला, टाच तिन्ही बाजूंनी उंच भिंतीत धरणारा यूसीबीएल नावाचा प्रकार आजही कृत्रिम अवयव बनवणाऱ्या केंद्रांत करतात. तो मात्र खूप कललेल्या किंवा स्नायू-मज्जातंतूंच्या आजारांमुळे सैल पडलेल्या पायांसाठी असतो. आमच्या मुलाला त्याची काही गरज नव्हती.

इनसोलइतकाच बूटही महत्त्वाचा असतो. मुलांचे बूट वाढत्या अंगाचे घ्यायची आपली पद्धत आहे. यंदा अंगठ्यापुढे कापूस, पुढच्या वर्षी बरोबर. दोन मापे मोठ्या बुटात इनसोल पुढे सरकतो, टाचेची वाटी पावलाच्या मध्याखाली येते, आणि ज्या मुलाला काहीच नव्हते त्यालाही दुखायला लागते. टाचेमागचा भाग बोटांनी दाबला तर चुरगळू नये, बूट मधे वाकू नये, फक्त चवड्यापाशी वाकावा, आणि नाडी किंवा पट्टा असावा, एवढे पाहून बरोबर मापाचा बूट घेतला तर निम्मे काम तिथेच होते. नव्या पेठेतल्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या एका काकांनी मला हे कुठल्याही डॉक्टरपेक्षा स्वच्छ समजावले होते, आणि शेवटी स्वतःहून म्हणाले होते की सोल माझ्याकडे आहेत, पण आधी पोराला बूट नीट घ्या.

आता सोलापूरचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. परदेशातल्या चाचण्यांत मूल दिवसाचा बराच वेळ बुटात असते. आमची मुले शाळेचे पाच-सहा तास बुटात, आणि दाराशी आली की बूट बाहेर. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, गल्लीत स्लीपर. इनसोल स्लीपरमध्ये बसत नाही. म्हणजे आपल्याकडे इनसोलचा उपचार कितीही काटेकोर केला तरी तो अर्ध्या दिवसाचा असतो, आणि उरलेला अर्धा दिवस पाऊल आपल्या पद्धतीने वागते. याची खंत वाटत असेल त्यांनी मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांचा १९९२ सालचा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा. चार ते तेरा वर्षांच्या २,३०० भारतीय मुलांच्या पावलांचे ठसे घेतले, तेव्हा पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. सँडल-चप्पल घालणारे मधे. त्यातून लहानपणी बंद बूट घालण्याने कमानीच्या वाढीत अडथळा येतो, असे त्यांनी सुचवले. हा एका वेळी घेतलेल्या ठशांचा अभ्यास आहे, त्यामुळे अनवाणी चालल्याने सपाट पाऊल बरे होते असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. परंतु दाराशी बूट काढण्याच्या आपल्या सवयीने मुलांचे नुकसान होत नाही, एवढा दिलासा त्यातून नक्की घ्यावा.

अर्थात अनवाणी चालवा म्हणणे सोपे आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात ते करणे अशक्य. पारा चाळिशीच्या पलीकडे गेला की देवळांच्या आवारात फरशीवर तरट अंथरावे लागते आणि मोठी माणसेसुद्धा त्यावरून उड्या मारत जातात. शिवाय या उन्हात बंद बुटातला फोम घाम पितो. मुलाचे सोल मी रोज संध्याकाळी काढून खिडकीत ठेवत असे. उन्हात नाही, कारण उन्हाने फोम आकसतो आणि वरचे कापड कडेने सुटते. घामाच्या क्षाराची पांढरी रेघ टाचेच्या वाटीभोवती उमटे, आणि दोन-तीन महिन्यांत अंगठ्याखाली कापड काळपट, गुळगुळीत होई. ज्यांना हे रोज काढणे-वाळवणे जमणार नाही त्यांच्या मुलांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, ही तक्रार मी शाळेत प्रत्यक्ष पाहिली आहे.

पोटरीचे ताण आणि सोल, दोन्हींचा मिळून परिणाम झाला. रात्रीचे पाय दाबणे आधी कमी झाले आणि पुढे बंद झाले. त्यातले किती ताणामुळे, किती सोलमुळे आणि किती नुसते वय वाढल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही, आणि डॉक्टरांनीही सांगण्याचा आव आणला नाही. पावलाचा ठसा मात्र पहिल्याइतकाच भरीव राहिला.

याच काळात आमच्या भागात पावलांच्या मोफत तपासणीचे एक शिबिर भरले होते. मुलाला काचेच्या पाटीसारख्या यंत्रावर उभे करत आणि पडद्यावर लाल, पिवळे, निळे पाऊल उमटे. माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि दिवसभर अंगणात माकडासारखा धावत होता. त्याच्या पावलाचा मधला भाग पडद्यावर पिवळा दिसला, तसा तिथल्या माणसाने माझ्या बहिणीला सांगितले की आत्ताच मापाचे सोल केले नाहीत तर पुढे गुडघे आणि कंबर जाईल. किंमत काही हजारांत, आणि पाय वाढेल तसे दरवर्षी नवे. ते यंत्र खोटे नव्हते. तळव्याच्या कोणत्या भागावर किती दाब पडतो ते त्यात बरोबर दिसते. परंतु मूल दुखते म्हणते का, लवकर दमते का, चवड्यांवर उभे राहता येते का, यांपैकी एकही प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. पाच वर्षांच्या, न दुखणाऱ्या, लवचीक पावलाला सोल न घातल्यामुळे पुढे कंबर जाते, याला पुरावा नाही, आणि भीती घालून विकलेली वस्तू चांगली असली तरी तो व्यवहार चांगला नव्हे. बहिणीने सोल केले नाहीत. भाचा अजून धावतो आहे.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण काही होत नाही असे म्हणून सोडून देण्यानेही मुलांचे हाल होतात. नववीतली एक विद्यार्थिनी सहलीला भुईकोट किल्ल्यात चालताना सारखी मागे पडत होती. ओबडधोबड जागी तिचा घोटा मुरगळे, आणि पाय बाहेरच्या बाजूने ताठ धरलेला असे. तिला मी चवड्यांवर उभी करून पाहिले, तर एका पायाची टाच आत वळली आणि दुसऱ्या पायाची वळलीच नाही. मी डॉक्टर नाही, पण तिच्या आईला त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगण्यापुरते एवढे पुरेसे होते. पावलातली दोन हाडे जन्मतःच एकमेकांशी जोडलेली निघाली. हा जोड लहानपणी कुर्चेचा असतो म्हणून त्रास देत नाही आणि साधारण आठ ते सोळा वर्षांच्या दरम्यान तो हाडाचा होऊ लागला की पाऊल ताठरते. ताठर पाऊल, एकाच पायात आलेला सपाटपणा, सूज, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, किंवा नव्याने सुरू झालेले लंगडणे, यांतले काहीही असले तर दुकानातले सोल घालून वाट बघत बसू नये. तिलाही पुढे इनसोल मिळाले, पण ते नेमके निदान झाल्यानंतर.

आणि मग सैन्य-पोलीस भरतीची मुले. पहाटे होम मैदानावर धावणाऱ्यांत दरवर्षी नवी मुले दिसतात, सोळा-सतरा वर्षांची, आणि त्यांच्यात सपाट पावलाची धास्ती अभ्यासापेक्षा मोठी असते. आमच्या शेजारचा एक मुलगा मला विचारायला आला होता, "काकू, सोल घातले तर सहा महिन्यांत कमान येईल ना? मेडिकलला काढतात हो." त्याला इनसोल विकणारे आणि पायाखाली बाटली फिरवायला सांगणारे पुष्कळ भेटले होते; निकष वाचून दाखवणारे कुणी भेटले नव्हते. सैन्यातल्या अधिकारी पदांच्या परीक्षांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींसोबत वैद्यकीय निकष छापलेले आहेत, त्यांत असे आहे की चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू आणि धावू शकत असेल, आणि पाऊल लवचीक व वेदनारहित असेल, तर तो पात्र धरावा. डॉक्टरांनी माझ्या मुलाची केली तीच ही तपासणी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीच्या जाहिरातीत मात्र सपाट पाऊल नसावे असे सरळ लिहिलेले असते. म्हणजे एकच पाय एका दारातून आत जातो आणि दुसऱ्या दारावर अडतो. अमेरिकेतल्या २४६ पायदळ प्रशिक्षणार्थींवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर सपाट पावलांच्या जवानांना सर्वांत कमी आणि उंच कमानीच्या जवानांना जास्त दुखापती झालेल्या आढळल्या होत्या, पण नियम बदलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही आणि त्या मुलाकडेही नाही. तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले की सतराव्या वर्षी सोलने कमान येत नाही, त्यावर पैसे घालवू नकोस. ज्या भरतीत लवचीक पाऊल चालते तिचा अर्ज भर, आणि धावताना दुखत असेल तर दुखण्यासाठी सोल घाल. त्याला हे फारसे आवडले नाही. त्या वयात कुणाला आवडेल?

माझ्या मुलाचे सोल आता त्याला लहान झाले आहेत. तो नववीत आहे, पाय माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि नवे घ्यायचे का हा प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी पुन्हा चवड्यांवर उभे केले, पोटरी ताणून पाहिली, ती आता बरीच मोकळी आहे म्हणाले, आणि सोल न घालता एक हंगाम खेळू दे, असे सांगितले. घोट्याखाली पुन्हा दुखायला लागले तर त्याच प्रकारचे तयार सोल एक माप मोठे घ्यायचे, मापाचे नवे करायची घाई नाही. पोटरीचे ताण मात्र सोडायचे नाहीत. ते तो करतो, पण दात घासताना, एका हाताने भिंत धरून आणि अर्धवट, आणि त्याबद्दल आमच्याकडे रोज सकाळी वादावादी होते.